माळवा-निमाड दाखवायचाय पाहुण्यांना, चार दिवसांत काय ठेवू नि काय गाळू?

मीनल_राजेंद्रनगर (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. ह्यांचा पुण्याचा मावसभाऊ, त्याची बायको, दोन मुलं, शिवाय आत्याबाई आणि त्यांच्या भिशीच्या मैत्रिणी असा सगळा लवाजमा इंदूरला यायचं म्हणतोय. त्यांच्या डोक्यात "दोन ज्योतिर्लिंगं आणि सराफा" (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) एवढंच आहे. मला वाटतं एवढ्या लांब येतायत तर आपला मुलूख नीट दाखवावा, म्हणजे घाट, नदी, विणकर, गाणं, आणि खाणं तर आहेच. तारखा आमच्यावर सोडल्यात, ऑगस्टमधली जोडून सुट्टी नाहीतर नाताळ.

कच्चा आराखडा असा: पहिल्या दिवशी इंदूर, म्हणजे सकाळी पोहे-जिलबी, राजवाडा, दुपारी दाल-बाफले, मग लालबाग, काचमंदिर, छप्पन (खाऊच्या दुकानांची गल्ली), रात्री सराफा. दुसऱ्या दिवशी उज्जैन, येताना देवास. तिसऱ्या दिवशी ओंकारेश्वर करून महेश्वर आणि रात्री परत इंदूर. चौथ्या दिवशी मांडू, जमलं तर बाघच्या गुहा, आणि रात्रीची बस.

काय चुकतंय सांगा. "सगळंच चुकतंय" म्हणणार असाल तर पर्यायही द्या, नुसते निघून जाऊ नका.

रामबागकर
बाफल्यानंतर लालबाग? तिथे गाद्या घालून ठेवल्यात का पाहुण्यांसाठी?

भिया_मल्हारगंज
रामबागकर भियांशी शंभर टक्के सहमत. बाफला आधी उकळतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, वर डाळ, कढी, लाडू. एवढं पोटात गेल्यावर माणूस उठतो ते थेट संध्याकाळच्या चहाला. बाफले ठेवायचे तर त्या दुपारी काहीही ठेवू नका. आणि लालबाग सोमवारी बंद असतो, वार बघून घ्या, नाहीतर फाटकासमोर फोटो काढून परत याल.

वैद्यकाकू
मीनल, पहिल्या दिवशी पोटाचा जरा विचार कर गं. पोहे, जिलबी, बाफले, छप्पन, सराफा हे सगळं एका दिवसात! आणि बरोबर आत्याबाई. पुण्याची माणसं पोह्यांवर ओलं खोबरं नि लिंबू मागणार, इथे बडीशेप घातलेले, वाफेवर ठेवलेले पोहे, वर मूठभर शेव नि जीरावन मसाला बघून आधी चेहरे करतील. मग दुसरी प्लेट मागतील तो भाग वेगळा.

ढबू_पैसा
काकू, शेवेशिवाय पोहे हे पेशंटचं खाणं आहे 😀

वैद्यकाकू
आमच्याकडे चार पिढ्या शेवेशिवायच होतात, कोणी आजारी पडलं नाही अजून. सासूबाई तर म्हणायच्या की पोहे कच्चे राहिले की लोक वरून शेव घालतात.

भिया_मल्हारगंज
काकू हे वाक्य छप्पनवर मोठ्याने बोलू नका.

निमाडी_मिरची
मी सनावदची, आता इंदूरला नोकरीला. मीनलताई, राग मानू नका पण तुमचा आराखडा वाचून नेहमीचंच दुखणं उठलं. इंदूरवाल्यांना निमाड म्हणजे ओंकारेश्वरच्या वाटेवरचा रस्ता. महेश्वर संध्याकाळी गाठायचं, घाटावर सेल्फी, साडीच्या दुकानात अर्धा तास आणि रात्री परत इंदूर. अहो मग निमाड दाखवला कुठे?

खरी मजा आहे ती उतरण्यात. महूपर्यंत सगळं सपाट, काळी माती, गहू-सोयाबीन, हवा गार. मग विंध्याचा कडा येतो आणि खाली बघितलं की सगळा निमाड पसरलेला. खाली उतरलात की दोन तासांत हवा बदलते, पीक बदलतं, कापूस लागतो, पपई लागते, बोली बदलते, ताटातली भाकरी बदलते. माळव्यात गव्हाचे बाफले, आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी, अगदी खानदेशासारखी. मुलांना भूगोल शिकवायचा असेल तर यापेक्षा सोपा धडा नाही. म्हणून म्हणते, एबी रोडने (आग्रा-मुंबई हमरस्त्याने) भुर्रकन जाऊ नका. महूहून जाम गेटने उतरा. अहिल्याबाईंच्या वेळचा दरवाजा आहे, अगदी कड्याच्या टोकावर, तिथून खाली मंडलेश्वर आणि मग महेश्वर.

आणि महेश्वरला रात्र काढा. हे एक ऐकलंत तरी माझं लिहिणं वसूल.

रामबागकर
+१ महेश्वरच्या मुक्कामाला. संध्याकाळी नावेतून बाणेश्वरापर्यंत जाऊन यायचं, नदीच्या मधोमध एवढंसं देऊळ आहे. पण खरं महेश्वर सकाळचं. गढीत अजून रोज लिंगार्चन चालतं, मातीची छोटी छोटी शिवलिंगं करतात, पूजा करून नर्मदेत सोडतात, अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा नेम. इंदूरहून सकाळी निघून हे सापडत नाही. आणि ती गादी बघा नक्की. १७६७ पासून १७९५ पर्यंत जिने राज्य केलं, काशी, गयेपासून सोमनाथपर्यंत देवळं बांधली, तिची बसायची जागा म्हणजे साधी पांढरी बैठक. मोठा महाल असेल म्हणून आलेले पाहुणे गप्प होतात.

सुलभा_बडोदे
मी बडोद्याची, माहेर इंदूर, म्हणून नाक खुपसते. साड्यांचं सांगते. महेश्वरीत ताणा रेशमाचा नि बाणा सुती असतो (पूर्ण सुतीही मिळते), पदरावर पट्टे, आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा नेसता येतो. काठावरची नक्षी म्हणजे लहर, चटई, वीट, सगळं त्या घाटावर नि किल्ल्याच्या भिंतीवर बघून घेतलेलं. म्हणून आधी किल्ला दाखवा, मग माग दाखवा, आणि मग दुकान. उलट केलंत तर आत्याबाई दुकानातून बाहेरच येणार नाहीत. विणकरांच्या गल्लीत माग चालू असतात, बाहेरूनच खटखट ऐकू येते, विचारलं तर बहुतेक जण आत बोलावतात. मात्र फोटो काढून नुसतं निघू नका, एखादा स्टोल तरी घ्या.

ढबू_पैसा
हे सगळं ठीक पण ऑगस्ट का डिसेंबर ते कोण सांगणार?

श्रीपाद_काका
ऑगस्ट. डोळे मिटून ऑगस्ट. मांडू पावसाळ्यातच बघावा. मुंज तलाव, कापूर तलाव भरलेले आणि मधे जहाज महाल, ढग खिडकीतून आत येतात. डिसेंबरात तोच महाल कोरड्या खड्ड्यांच्या मधे उभा असतो. शिवाय पाताळपाणीचा धबधबा, पाताळपाणी-कालाकुंड हेरिटेज ट्रेन, कालाकुंडचा कलाकंद पानाच्या द्रोणात, हे सगळं पावसातलं. आणि भुट्ट्याचा कीस! देशी भुट्टा ताजा असतो तेव्हाच त्याला चव, एरवी सराफ्यात बारा महिने मिळतो तो नुसता नावाचा.

घाटावरची
काका, अर्धंच सांगताय. पावसात रूपमती मंडपावर उभं राहून समोर पांढरं धुकं बघायचं आणि गाईड सांगतो "यहाँ से नर्मदा दिखती है". रूपमती म्हणे नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय जेवत नसे, मग ऑगस्टात बिचारीचे उपासच घडत असतील. नदीची चंदेरी रेघ बघायची तर हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ लागते. दुसरं म्हणजे पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडलं की महेश्वर-ओंकारेश्वरला नावा बंद, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. ज्या नदीसाठी निमाडात उतरायचं तिच्यावर जाताच येणार नाही.

आणि पाताळपाणीला मुलं घेऊन जाणार असाल तर पाण्यात अजिबात उतरू देऊ नका, कितीही शांत दिसलं तरी. वर डोंगरात पाऊस झाला की खाली अचानक लोंढा येतो, २०११ मध्ये तिथे माणसं वाहून गेली होती.

ढबू_पैसा
पण मांडूची चिंच? ती कधी मिळते?

घाटावरची
गोरखचिंच म्हणायचंय ना, बाओबाब. टपऱ्यांवर जवळजवळ वर्षभर दिसते, मोठाल्या भोपळ्यासारखी फळं. आतला गर आंबट, चघळत बसलं की चढणावर तहान कमी लागते. झाडं मूळ आफ्रिकेतली, सुलतानांच्या काळात इकडे आली म्हणतात. पावसात पानांनी भरलेली असतात, हिवाळ्यात सगळी पानं झडून नुसते जाडजूड बुंधे उरतात. मला विचाराल तर तशीच जास्त देखणी दिसतात.

भिया_मल्हारगंज
डिसेंबरला माझंही मत, कारण गराडू, आपला थंडीतला कंद. संपला विषय. तळलेला गराडू, वर जीरावन, लिंबू, हातात गरम द्रोण आणि सराफ्यातली थंडी. भुट्ट्याचा कीस पुण्यात करून खाता येईल, गराडू कुठून आणाल?

सराफ्याचं पण सांगतो. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्याशिवाय ठेले लागत नाहीत, त्यामुळे रात्री नऊच्या आधी जाऊन काय नुसती कुलुपं बघायची का. आणि प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट एक एक घ्यायची नाही, चार जणांत एक. दहीवडा, साबुदाणा खिचडी, गराडू, खोबऱ्याची पॅटिस, मग मालपुआ किंवा मावाबाटी, आणि जलेबा म्हणून पाव-पाव किलोची जिलबी मिळते ती सगळ्यांत मिळून एक. शिकंजी आपली दुधाची असते, घट्ट, सुक्या मेव्याची, ती शेवटी घेतली तर उतरत नाही, आधीच वाटून प्या.

वैद्यकाकू
हे सगळं खाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे भस्मारतीला न्यायचं का त्यांना?

श्रीपाद_काका
काकूंनी बरोबर नस पकडली. भस्मारती पहाटे चारच्या सुमारास, नोंदणी आधी करावी लागते, आणि उज्जैन इथून साधारण ५५ किलोमीटर. सराफा आणि भस्मारती लागोपाठ ठेवाल तर पाहुणे महाकालासमोर उभ्या उभ्या झोपतील.

ऑगस्टवाल्यांसाठी अजून एक. उत्तरेचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि महाकालाची सोमवारची सवारी श्रावणात तर निघतेच, पुढे भाद्रपदातही निघते, ही मराठ्यांच्या पंचांगाची पुण्याई. देऊळही अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी पुन्हा उभं केलेलं. सवारी बघायला अप्रतिम पण आत्याबाईंना त्या गर्दीत नेऊ नये. सोमवार सोडूनच जा, २०२२ मध्ये देवळाभोवती महाकाल महालोक हा नवा परिसर झाल्यापासून एरवीही गर्दी असतेच.

निमाडी_मिरची
डिसेंबरला माझाही हात वर. त्या दिवसांत बेडियाच्या बाजूला मिरची वाळत घातलेली असते, शेतंच्या शेतं लाल. बेडियाची मिरची मंडी फार मोठी, गाडीच्या काचा खाली केल्या की डोळ्यांतून पाणी. आणि तिथून जवळच रावेरखेडी.

रामबागकर
अरे हो! पुण्याचे पाहुणे आणि रावेरखेडी नाही म्हणजे काय! २८ एप्रिल १७४० ला थोरले बाजीराव तिथे नर्मदेकाठी वारले, समाधी आहे. एकदम शांत जागा, चहाची टपरीसुद्धा धड नाही. पुण्यात शनिवारवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या माणसाला हे दाखवलंच पाहिजे.

ढबू_पैसा
आणि मग परतीच्या वाटेवर सिनेमातल्या मस्तानीवर तीन तास चर्चा. मीनल, बसमध्ये कानात घालायला कापूस ठेव, निमाडात भरपूर मिळतो.

अनुजा_देवासवाली
"येताना देवास" हे वाचून वाईट वाटलं. देवास म्हणजे टेकडीवरची चामुंडा माता करून चहा घेऊन पुढे, असंच करतात सगळे. कुमारजी (कुमार गंधर्व) १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन इथे आले, गाणं बंद, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिले, त्यातून पुढे काय झालं ते मराठी माणसाला मी सांगायला नको. पण देवासला "बघायला" फारसं काही नाही हेही खरं, ऐकायचं आहे. माळव्यात गावोगाव कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत, तंबुरा, करताल, ढोलक घेऊन रात्रभर गातात. एखाद्या ओळखीच्या मंडळीला एका संध्याकाळी तुमच्याच गच्चीवर बोलवा, त्यांचं मानधन नीट द्या. कुठल्याही लाइट-साउंड शोपेक्षा पाहुण्यांच्या जास्त लक्षात राहील.

मीनल_राजेंद्रनगर
अनुजा, गच्चीची कल्पना फारच आवडली! आमच्या गच्चीवर तीस माणसं आरामात बसतात. मंडळी कशी शोधायची, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

श्रीपाद_काका
गच्चीवर ऑगस्टात गाणं कसं करणार? ताडपत्री लावून?

(हो, हो, माझाच मुद्दा पडला, कळतंय मला. तरी मांडू पावसातच.)

प्रसन्न_अलिराजपूर
इतका वेळ नुसता वाचत होतो. मी अलिराजपूरला शिक्षक आहे. एवढ्या धाग्यात भिल-भिलाल्यांचा मुलूख कोणाच्या यादीत नाही, गंमत आहे. बरं, तुमचे चार दिवस आहेत, झाबुआ-अलिराजपूर त्यात बसणार नाही हे मान्य. पण पुढे कधी आणणार असाल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया असतो, प्रत्येक गावाचा जो आठवड्याचा बाजाराचा वार त्या वारी तिथे. ढोल, मांदळ, बासरी, एकाच रंगाचे कपडे घालून आलेल्या मुलींच्या टोळ्या, होळीचा बाजारहाट. वर्तमानपत्रवाले दरवर्षी "पळून जाऊन लग्न करायचा मेळा" असं छापतात, ते वाचून लोक कॅमेरे घेऊन येतात नि मुलींच्या तोंडावर लेन्स धरतात. तसले पाहुणे आणायचे नसतील तरच या.

खायला दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड थापटे, रुईच्या पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजलेले. कडकनाथ कोंबडीचं तर आता सगळ्यांना माहितीय, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून इंदूरच्या हॉटेलातही बोर्ड लागलेत, त्यातला खरा किती ते देव जाणे.

भिया_मल्हारगंज
सर, आत्याबाईंच्या भिशीसमोर कडकनाथचं नाव काढू नका, मीनलताईंचं घर बाटेल 😀

प्रसन्न_अलिराजपूर
त्यांना पानिये द्या. आणि बाघ यादीतून काढा हो ताई, मांडूहून "जमलं तर बाघ" असं होत नाही, रस्ता लांबच लांब. गुहांतली चित्रं आता फार पुसट झालीत, त्यासाठी एक अख्खा दिवस आणि हौस असलेली माणसं हवीत. बाघ प्रिंट तिथे बघण्यात मजा आहे, कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात, तांबडा-काळा रंग उठतो. पण नुसतं कापडच हवं असेल तर इंदूरला मृगनयनी या सरकारी हस्तकला दुकानात मिळतं.

सुलभा_बडोदे
बाघ काढायला माझा विरोध! बडोद्याकडून येणाऱ्यांना ते वाटेत पडतं.

ढबू_पैसा
सुलभाताई, पाहुणे पुण्याचे आहेत.

सुलभा_बडोदे
पुण्याच्या लोकांना वाट वाकडी करायची सवय हवीच.

घाटावरची
आत्याबाईंच्या गुडघ्यांचं कोणी विचारलंच नाही अजून. ओंकारेश्वरला गाडीतळापासून देवळापर्यंत पूल, पायऱ्या, चढ, आणि बेटाची परिक्रमा साधारण सात किलोमीटरची. १०८ फुटी शंकराचार्यांचा पुतळा २०२३ मध्ये झाला, तोही वर डोंगरावर. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांना ममलेश्वराशी बसवा, अलीकडच्या तीरावरच आहे, शांत, आणि कोरीव काम जास्त चांगलं. मांडूत मात्र गाडी जवळजवळ सगळीकडे जाते, रूपमतीला तेवढा चढ आहे.

मीनल_राजेंद्रनगर
बापरे, काय काय लिहिलंत सगळ्यांनी. नाताळ नक्की केलं (काका, सॉरी). नवीन आराखडा टाकते, फाडा:

पहिला दिवस इंदूर, पण हळू. पोहे, राजवाडा, बाफले, झोप. संध्याकाळी गच्चीवर कबीर, जेवण घरचंच साधं, मुगाची खिचडी. सराफा त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी उज्जैन, भस्मारती नाही, सकाळी दर्शन आणि दुपारी परत, रात्री सराफा. तिसऱ्या दिवशी उशिरा उठून जाम गेटने उतरायचं, महेश्वर मुक्काम. चौथ्या दिवशी लिंगार्चन, माग, साड्या आणि दुपारी मांडू. पाहुणे एक दिवस वाढवायला तयार झालेत, त्यामुळे मांडूलाही मुक्काम, म्हणजे सकाळची स्वच्छ हवा नि रूपमतीवरून नर्मदा दिसेल. पाचव्या दिवशी परत, काचमंदिर वगैरे वेळ असेल तर.

ओंकारेश्वर आणि रावेरखेडी कुठे बसवू कळत नाहीये. आत्याबाई ज्योतिर्लिंग सोडणार नाहीत.

निमाडी_मिरची
आता कसं! मग उतरताना भेरूघाटाने जा. इंदूर, ओंकारेश्वर, सनावदजवळून बेडिया, रावेरखेडी आणि संध्याकाळी महेश्वर. फक्त "उशिरा उठून" काढा, सकाळी सहाला निघायचं. जाम गेट मग खाली उतरताना नाही, वर चढताना लागेल.

रामबागकर
पण मग मांडू? महेश्वरहून मांडू चाळीसेक किलोमीटर, तिथूनच धारमार्गे इंदूरला जाणार ना, जाम गेट वाटेतच येत नाही.

निमाडी_मिरची
हो की. मग जाम गेट की ओंकारेश्वर, एक निवडा. मी जाम गेट म्हणेन, आत्याबाई काय म्हणतील ते सगळ्यांना माहितीय.

श्रीपाद_काका
दोन गाड्या करा. आत्याबाई आणि भिशी ओंकारेश्वरमार्गे, रावेरखेडीवाले त्यांच्याबरोबर. बाकीचे जाम गेटने. संध्याकाळी सगळे महेश्वरच्या घाटावर भेटा.

वैद्यकाकू
आणि मुलं लवकर उठत असतील तर पहिल्या दिवशी सकाळी सिरपूर तलावावर ने गं. इंदुरातच आहे, २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी), थंडीत बाहेरून बदकं येतात. पोहे त्याच्यानंतर. शेवेशिवाय.

मीनल_राजेंद्रनगर
दोन गाड्या!! काका, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही, पण पटलंय. जाम गेटच्या रस्त्याला टेम्पो ट्रॅव्हलर जाते ना?

प्रसन्न_अलिराजपूर
जाते, वळणं आहेत पण अवघड नाही. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, नऊनंतर निघा. आणि महूच्या पुढे खायचं फारसं मिळत नाही, पोहे बांधून घ्या.